हिरवी पेगासस आणि तपकिरी पेगासस

नमस्कार श्रोतेहो.

१० जुलै २०१८, दुपारचे चार. रॉयल एन्फिल्डनं त्या दिवशी आपली एक गाडी फक्त ऑनलाइन विकायला काढली. भारताच्या वाट्याला गाड्या होत्या २५०. त्या संपायला किती वेळ लागला? १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. गॅसवरच्या चहाला उकळी फुटायच्या आत अडीचशेच्या अडीचशे गाड्या खपल्या. गाडीचं नाव क्लासिक ५०० पेगासस.

माझं आपलं एक मत आहे, पटलं तर घ्या. असली विक्री म्हणजे शहरातल्या वेगवान इंटरनेटवाल्यांची चैन. गगनबावड्याच्या बाजूला पावसाळ्यात रेंज येते आणि जाते. तिथल्या गडी माणसानं १७८ सेकंदांत काय करायचं? ‘हॅलो, हॅलो’ म्हणेपर्यंत गाड्या संपल्या. असो.

तर तेव्हा ज्यांना मिळाली नाही, त्यांना ती आजही पाहिजे आहे. आणि अशी माणसं आपल्या कोल्हापुरात कमी नाहीत. कारखान्याचं बिल खात्यावर पडलं की सोसायटीचा हप्ता आधी की बुलेट आधी, यावर घराघरांत वाद होतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून आज ही गाडी शोधायची कशी आणि घ्यायची कशी, त्याबद्दल बोलतो.

आधी गाडी काय आहे ते थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एन्फिल्डनं ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी १२५ सीसीची एक चिमुकली मोटारसायकल केली होती. लोखंडी नळ्यांच्या पिंजऱ्यात बसवून ती विमानातून पॅराशूटनं खाली सोडायचे. नाव पडलं फ्लाइंग फ्ली, उडती पिसू. तिची आठवण म्हणून ही पेगासस. जगभरात मिळून फक्त १०००. टाकीवर पंखवाल्या घोड्याचं चिन्ह, ते ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटचं. शेजारी त्या गाडीचा स्वतःचा नंबर. सायलेन्सर काळा, रिम काळ्या, एअर फिल्टरच्या डब्यावर पितळी बकलांचा चामडी पट्टा, आणि मागं लटकवायला फौजी धाटणीच्या कॅनव्हासच्या पिशव्या. पिशव्या लक्षात ठेवा.

आता महत्त्वाचं. जगात ही गाडी दोन रंगांत निघाली, तपकिरी आणि हिरवी. भारतात फक्त तपकिरी विकली. कारण आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १९८९ च्या, १२१ वा नियम आहे: ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. तुम्हाआम्हाला नाही. पुन्हा सांगतो. भारतातली खरी पेगासस तपकिरी. हिरवी नाही, तपकिरी.

दुसरी खूण. गाडी ५०० ची आहे, म्हणजे ४९९ सीसी, आणि तिला फ्युएल इंजेक्शन आहे, म्हणजे पेट्रोल इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं इंजिनात फवारलं जातं, जुन्या कार्बोरेटरनं नाही. कार्बोरेटर दिसला तर ती ३५० आहे, वरून रंग मारलेला. तिसरी खूण, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, गाडी तयार झाल्याचं साल बघा. २०१८ च पाहिजे. २०१५ ची पेगासस नसते.

आणि चौथी खूण जरा गंमतशीर आहे. आपल्याकडच्या पेगाससला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, नव्हतं. ऑगस्टमध्ये कंपनीनं क्लासिक ३५० सिग्नल्स नावाची गाडी आणली, किमतीनं कमी, आणि तिला मात्र एबीएस! पेगाससवाले चिडले, साहजिक आहे. अडीच लाखांच्या आसपास मोजून बसलेली माणसं ती. पण आज तीच उणीव ओळख पटवायला उपयोगी पडते. एबीएस असेल तर ती आपल्याकडची पेगासस नव्हे.

आता खरी गोष्ट सांगतो. ही सांगायलाच मी आज आलोय.

माझा एक मित्र आहे, पन्हाळ्याच्या पायथ्याला त्याचा ऊस आहे. त्याला पेगाससचं वेड. एके दिवशी त्याला एका एजंटाचा फोन आला. ‘‘भावा, पेगासस हाय. एक नंबर कंडिशन. बघून जावा, पण ध्यानात ठेवा, बेळगावचं गिऱ्हाईक बी लागलंय.’’ बेळगावचं गिऱ्हाईक नेहमीच लागलेलं असतं, श्रोतेहो. कोल्हापुरात जुनी गाडी विकताना बेळगावचं गिऱ्हाईक आणि बेळगावात कोल्हापूरचं.

मित्रानं मला घेतलं आणि उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींना घेतलं. मिस्त्रींचा सगळा जन्म बुलेटमध्ये गेलेला. हात धुतले तरी नखांत काळं राहतं, ते तसले मिस्त्री. वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

शिरोलीच्या अलीकडं हायवेला एक पत्र्याचं शेड होतं. एजंटानं ताडपत्री ओढली. गाडी हिरवीगार. टाकीवर घोडा, शेजारी नंबर, मागं पिशव्यासुद्धा! मित्राचा चेहरा असा फुलला की मी म्हटलं, आता हा खिशात हात घालणार.

मिस्त्रींनी गाडीभोवती फेरी मारली. खाली वाकले. बोटानं टाकीच्या खालची कड खरवडली, वास घेतला, आणि एजंटाकडं बघून अगदी शांतपणे विचारलं, ‘‘मिलिटरीनं विकली का तुमास्नी?’’

एजंट म्हणाला, ‘‘म्हंजे?’’

‘‘न्हाई, हिरवी हाय म्हणून इचारलं.’’

मग त्यांनी त्याला नियम सांगितला. शिवाय इंजिनाकडं बोट दाखवून म्हणाले, ‘‘कार्बोरेटर बी हाय. घोड्याचं शिंगरू हाय हे.’’ आता कुणीही असता तर शरमला असता. पण एजंट तो एजंट. तो काय म्हणाला सांगू? म्हणाला, ‘‘मालक, त्यात काय एवढं? संध्याकाळपर्यंत तपकिरी करून देतो की! नंबर कंचा टाकू?’’

मित्र हसावं की रडावं अशा अवस्थेत. मिस्त्री मात्र परतताना गाडीत पहिल्यांदा बोलले. ‘‘तपकिरी बघायची का? माझ्याकडं ऑइल बदलायला येती एक. शिरोळच्या अंगाची.’’

इथं जरा थांबतो, कारण हा मुद्दा मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. दुर्मिळ गाडी मोबाईलवर शोधून सापडत नाही. ती कुठल्या तरी मिस्त्रीच्या डोक्यात असते. मिस्त्रीला विचारा, ऑइल विकणाऱ्याला विचारा, टायरवाल्याला विचारा. पाचशे सीसीच्या गाडीचं ऑइल वर्षातून एकदा कोण नेतं, ते त्यांना पाठ असतं.

तर आम्ही गेलो. शिरोळ तालुक्यात घरटी एक फौजी असलेली गावं आहेत, त्यांपैकी एक. पडवीत ट्रॅक्टरच्या शेजारी गाडी उभी, अंगावर जुनी चादर. मालक म्हणजे एक निवृत्त सुभेदार. गाडी त्यांच्या मुलानं पुण्याच्या ऑफिसात बसून त्या १७८ सेकंदांत मिळवलेली. मुलगा पुढं जर्मनीला गेला आणि गाडी वडिलांकडं आली. सुभेदार दर रविवारी तिला किक मारायचे. बटण असताना किक! आताच्या पोरांना किक मारायची म्हटलं की घाम फुटतो, हे माझं दुसरं मत, तेही असो.

मित्रानं चादर उचलली. तपकिरी. फ्युएल इंजेक्शन. एबीएस नाही. मिस्त्रींनी नुसती मान हलवली. मित्र म्हणाला, ‘‘सुभेदार, किंमत सांगा.’’

सुभेदारांनी किंमत सांगितली नाही. टाकीवर बोट ठेवून म्हणाले, ‘‘हे काय हाय, सांगा बघू.’’

‘‘घोडा.’’

‘‘घोडा दिसतोय मला बी. कुणाचा घोडा?’’

मित्रानं ब्रिटिश छत्रीधाऱ्यांचं सांगितलं. वाचलेलं होतं त्यानं, पाठ होतं. सुभेदार ऐकत राहिले आणि मग म्हणाले, ‘‘त्यांचं ऱ्हाऊ द्या. आमचं म्हाईत हाय का?’’ आणि सुरू झाले. ते टू पॅराचे! म्हणजे मुळात मराठा लाइट इन्फंट्रीची जुनी पलटण, ती छत्रीधारी झाली. ११ डिसेंबर १९७१ ला हीच पलटण बांगलादेशात टांगाइलजवळ उतरली. मैमनसिंगकडून ढाक्याकडं मागं सरकणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तोडायची होती, त्यासाठी पुंगलीचा पूल ताब्यात घ्यायचा होता. तो घेतला. सुभेदार तेव्हा नवे शिपाई, मिसरूड नुकतं फुटलेलं. विमानाच्या दारात वारा कसा लागतो, खाली शेतं कशी दिसतात, आणि उतरल्यावर गावातली माणसं छत्रीचं कापड गुंडाळायला मदत करायला कशी पळत आली, ते सांगताना त्यांचा हात टाकीवरच होता. आमचा चहा दोनदा आला. मित्रानं किमतीचा विषय पुन्हा काढला नाही, शहाणा माणूस.

शेवटी सुभेदार म्हणाले, ‘‘बिलावर जी किंमत हाय ती द्या. एक अट. सायलेन्सर बदलायचा न्हाई.’’

मला तर तिथंच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं! श्रोतेहो, रात्री अकरा वाजता रंकाळ्याच्या कडेनं फटाके फोडत जाणाऱ्या बुलेटी ऐकल्या की माझं डोकं उठतं. कंपनीनं चांगला सायलेन्सर दिलेला असतो, तो काढून माळ्यावर टाकायचा आणि गल्लीतल्या लेकरांची झोप मोडायची, यात कसला आलाय नाद खुळा? दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक येते. तिच्या आवाजानं कुणी कानावर हात ठेवत नाही. माणसं तिला वाट करून देतात.

बरं, सौदा तर ठरला. पण गाडी कुणाच्या नावावर? मुलाच्या. मुलगा जर्मनीत. आणि आरसीवर ज्याचं नाव, सही त्याचीच लागते, वडिलांची चालत नाही. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, दोन्हीवर. पुन्हा सांगतो, आरसीवर ज्याचं नाव, सही त्याची. मित्रानं आगाऊ रक्कम पुढं केली तर सुभेदार म्हणाले, ‘‘ठेवा खिशात. पोरगं दिवाळीला येतंय.’’

दिवाळीला मुलगा आला. मित्र धास्तावलेला, आता याला गाडीची माया सुटते की काय! मुलगा पडवीत आला, गाडीकडं बघत उभा राहिला, चांगला वेळ उभा राहिला. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, ‘‘न्या बाबा ती एकदाची! उन्हाळ्यात मला शेवया घालायला पडवी मोकळी हुईल.’’ मुलगा हसला आणि सही केली.

आता कागदाचं भराभरा सांगतो, वेळ संपत आली. कर्जावर घेतलेली असेल तर कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मालक वारला असेल तर वारसांकडून फॉर्म ३१ वर आधी नाव बदलून घ्यायला सांगा, मग खरेदी. आपल्या एमएच झिरो नाइनची गाडी असेल तर सोपं. पण आपल्याला निपाणी, चिकोडी, बेळगाव जवळ, केए बावीस-तेवीसची गाडी स्वस्तात दिसते. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, फॉर्म २८, लागते आणि इथं कर पुन्हा भरावा लागतो. म्हणजे स्वस्त ती स्वस्त राहत नाही. चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर, नुसता डोळ्यांनी वाचू नका, त्यावर कागद धरून पेन्सिल घासा आणि तो ठसा आरसीशी ताडून बघा. ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांत आरटीओला कळवा, आणि विमा आपल्या नावावर करून घ्या.

पाचशेचं हे इंजिन २०२० मध्ये बंद झालं, पण पार्ट अजून मिळतात. न मिळणारी गोष्ट एकच, त्या कॅनव्हासच्या पिशव्या. मी लक्षात ठेवायला सांगितल्या होत्या. मित्र गाडी घेऊन घरी पोचला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, पिशव्या मागायच्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी परत गेला. तर काकू जयसिंगपूरच्या बाजारातून येत होत्या, दोन्ही खांद्यांवर पंखवाले घोडे, एकात मेथी, एकात वांगी. म्हणाल्या, ‘‘ह्या न्हाई मिळायच्या. लई मजबूत हायेत.’’ मित्र दर दिवाळीला फराळ घेऊन जातो आणि मागतो. पिशव्या अजून काकूंकडंच आहेत. तेव्हा गाडी बघायला गेलात तर पैसे मोजायच्या आधी पिशव्या ताब्यात घ्या.

नमस्कार.