कोपीतली सुट्टी

'दिवाळीची सुट्टी' हा विषय फळ्यावर आला, की बीड जिल्ह्यातल्या या सातवीच्या वर्गात बहुतेक वह्यांमधून मामाचा गाव अवतरतो, निसर्ग हिरवा शालू नेसतो आणि शेवटच्या ओळीत तो दिवस न चुकता 'अविस्मरणीय' ठरतो. गाईडातून उतरवलेला निबंध तर लगेच ओळखू येतो, कारण मुलीच्या वहीत 'मी गेलो' सापडते. (कोल्हापूरकडच्या मुली बोलतानाही तसे म्हणतात, तो भाग वेगळा.) प्रत्यक्षात दिवाळी सरते न सरते तोच यातल्या कित्येकांच्या घरांना कुलपे लागतात, आईवडील ऊसतोडणीच्या टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे निघतात आणि मागे सांभाळणारे कोणी नसेल, तर मुलेही उसाच्या फडावर जातात आणि कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. हे वहीत येत नाही.

इथल्या बाईंनी यंदा विषय तोच ठेवला आणि प्रश्न विचारले. कुठे निजलात? पहाटे कशाने जाग आली? हातात काय होते? एका मुलीने 'आम्ही खूप मजा केली' हे वाक्य खोडले आणि लिहिले, 'आई कोयता घेऊन फडात जायची. मी कोपीत भावाला घेऊन बसायचे. तो रडला की उसाचं कांडं द्यायचे.' पुस्तकात 'देत असे' म्हणून पाठ केलेला रीतिभूतकाळ तिच्या बोलीत आपसूक उतरला होता. बाईंनी 'कांडं' तसेच राहू दिले आणि एवढेच सांगितले, की हे रोजचे झाले, आता यातला एकच दिवस निवड.

मराठीत ही वाट जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. आपल्या समाजातील बायकांना डोक्यावर छप्पर नसताना थंडीपावसात बाळंत व्हावे लागते, हे त्या शाळकरी मुलीने लिहिले, तेव्हा तिच्यासमोर गिरवायला कोणताही नमुना निबंध नव्हता.

या वर्गात एक नियम आहे. ज्याला आपले लेखन मोठ्याने वाचलेले नको असेल, त्याने वही टेबलावर पालथी ठेवायची. त्या मुलीने दिवस निवडला, 'भावाला ताप आला. मी आईला बोलवायला फडात गेले. ऊस माझ्यापेक्षा उंच होता. आई दिसेना, नुसते कोयते वाजत होते.' पुढे अर्धे पान भरले आहे. वही पालथी आहे.