जिनिंगमधलं ‘जिन’

दृश्य : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगचं आवार. पहाटेचं धुकं. फाटकाबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. आत कापसाचे पांढरे ढीग.

निवेदन :

दिवाळी सरली की विदर्भात आणि खानदेशात एक प्रश्न घरोघरी ऐकू येतो. “कापूस जिनिंगला नेला का?”

शेतकरी आणतो तो कापूस. त्यातलं बी म्हणजे सरकी. जिनिंगच्या यंत्रात सरकी निघाली की उरते ती रुई. एका क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. ती दाबून बांधली की झाली गाठ, १७० किलोची. सरकी तेलाच्या घाण्याला जाते आणि तिची ढेप गाई-म्हशींपुढे येते. कापूस, सरकी, रुई, गाठ, ढेप. हे सगळे शब्द आपल्या मातीतले. मधला एकच शब्द बाहेरून आलेला आहे, आणि तो इतका मुरला आहे की त्याला कुणी परका म्हणत नाही.

जिनिंग म्हणजे काय, असं या आवारात विचारलं तर लोक बोटाने यंत्र दाखवतात. उत्तर बरोबरच आहे. पण ‘जिन’ म्हणजे काय?

घोड्याच्या पाठीवरचं जीन वेगळं. ते फारसीतून आलं. जीनची पँट वेगळी. तिचं नाव इटलीतल्या जिनोआ शहरावरून पडलं. बाटलीतली जिन तर जुनिपर नावाच्या झाडाच्या फळांवरून. कापसाच्या जिनिंगमधलं जिन या तिघांचंही कुणी लागत नाही. त्याचं सख्खं नातं आहे इंजिनाशी. ‘इंजिन’ या शब्दाचं पहिलं अक्षर बोलता बोलता गळून पडलं आणि ‘जिन’ उरलं, इतकी साधी गोष्ट. पण इंजिन हा शब्द जिथून निघाला, तिथे ना चाक होतं, ना वाफ, ना लोखंड.

दृश्य : काळ्या पडद्यावर एकच अक्षर उमटतं : जन्.

निवेदन :

लॅटिन भाषेत एक शब्द होता, ‘इंगेनिउम’. माणूस जन्मताना बरोबर घेऊन येतो ती बुद्धी, तो उपजत गुण. ‘इन’ म्हणजे आत, आणि पुढचा भाग जन्म देणे या अर्थाच्या धातूचा. हा धातू आपल्याला नवा नाही. जन्म, जनक, जननी, प्रजा हे शब्द ज्या ‘जन्’ धातूतून आले, तो संस्कृत धातू आणि लॅटिनचा हा धातू एकाच मुळाच्या दोन फांद्या आहेत. भाषाशास्त्रातलं हे पक्कं नातं आहे, कानाला सारखं वाटतं म्हणून जुळवलेलं नाही.

म्हणजे मुळात इंजिन ही वस्तू नव्हती. ते माणसाच्या आत होतं.

फ्रेंचमध्ये त्याचं ‘एंजिन’ झालं आणि इ.स. १३००च्या आसपास ते इंग्रजीत स्थिरावलं. चौसर हा इंग्रजीचा जुना कवी चौदाव्या शतकाच्या अखेरीस माणसाच्या तीन शक्ती सांगतो. स्मृती, ‘एंजिन’ आणि बुद्धी. त्याच्या लेखी एंजिन म्हणजे मनाची कल्पना करण्याची ताकद.

पण डोकं चालायला लागलं की ते सरळच चालेल असं नाही. त्याच शब्दाला लवकरच डाव, कपट, फसवणूक असे अर्थ चिकटले. त्याचं आखूड रूप ‘जिन’ हे तर फासाचं नावच झालं. सशाला, पाखराला धरायचा फास. पुढे जबडा मिटून जनावराचा पाय पकडणाऱ्या लोखंडी सापळ्यालाही हेच नाव मिळालं. या सापळ्यावर इंग्लंडमध्ये १९५८ साली बंदी आली.

युक्ती, कपट आणि यंत्र एकाच शब्दात कसे नांदतात, हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे ‘कळ’ आहे. यंत्राची कळ आपण दाबतो. कळसूत्री बाहुल्या त्याच कळीवर नाचतात. आणि गावातल्या राजकारणात कुणी अचानक पलटी मारली की आपण विचारतो, याची कळ कुणाच्या हातात आहे? मला हा शब्द फार आवडतो. यंत्रामागे कुणीतरी बसलेलं असतं, हे तो विसरू देत नाही.

दृश्य : दगडी किल्ल्याची भिंत. लाकडी गोफणयंत्राचं रेखाचित्र, मग त्याच्या सावलीची हालचाल.

निवेदन :

युरोपात या शब्दाला पहिलं मोठं शरीर मिळालं ते लढाईत. किल्ल्याचा तट फोडायची लाकडी ओंडकी, दगड भिरकावणारी अजस्र गोफण, हे सगळं ‘एंजिन’. १३०४ साली इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. त्याने एक प्रचंड गोफणयंत्र बांधायला घेतलं. नाव ठेवलं ‘वॉरवुल्फ’, म्हणजे लढाईतला लांडगा. किल्ल्यातले लोक शरण यायला तयार झाले. पण राजाने ते मान्य केलं नाही. आधी यंत्र चालवून बघायचं, मग शरणागती. त्याप्रमाणे दगड सुटले, आणि त्यानंतरच किल्ल्यातल्या लोकांना बाहेर येता आलं.

अशी यंत्रं बांधणारा माणूस तो ‘इंजिनीयर’. म्हणजे हा मुळात लढाईचा पेशा. म्हणूनच अठराव्या शतकात पूल, कालवे, बंदरं बांधणाऱ्यांना आपण सैन्यातले नाही हे वेगळं सांगावं लागलं. जॉन स्मीटन हा स्वतःला ‘सिव्हिल इंजिनीयर’ म्हणवून घेऊ लागला. सिव्हिल म्हणजे इथे बिगरलष्करी, नागरी. आज आपल्याकडे मुलगा ‘सिव्हिलला’ आहे असं सांगतात, त्या सिव्हिलचा उगम हा. पुण्यात १८५४ साली इंजिनीयरिंगचा वर्ग सुरू झाला, तो सरकारी बांधकामांसाठी माणसं तयार करायला. पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय त्यातूनच उभं राहिलं.

अभियांत्रिकी. या शब्दात आपण ‘यंत्र’ घातलं, आणि यंत्राचा धातू अगदी वेगळ्या दिशेचा आहे. ‘यम्’, म्हणजे धरून ठेवणं, आवरणं. नियंत्रण आणि संयम त्याच घरातले. लॅटिन शब्द यंत्राच्या जन्माकडे बघतो, संस्कृत शब्द लगामाकडे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात यंत्रांची यादी आहे, एका जागी उभी राहणारी आणि फिरती. उभ्या यंत्रांपैकी एकाचं नाव आहे ‘विश्वासघाती’. शत्रू जवळ आला की त्याच्यावर कोसळणारं. तिकडे एंजिन म्हणजे कपट, इकडे यंत्राचं नाव विश्वासघाती. दोघांनी एकमेकांकडून काही घेतलेलं नाही, तरी दोघांना तेच सुचलं.

दृश्य : विझलेल्या चुलीत पुन्हा जाळ पेटतो. भांड्याच्या झाकणाखालून वाफ.

निवेदन :

आता वाफ. १६९८ साली थॉमस सेव्हरीने आगीच्या जोरावर खाणीतलं पाणी उपसायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. १७१२ साली थॉमस न्यूकोमेनचं यंत्र इंग्लंडमधल्या डडली किल्ल्याजवळ चालू झालं. या यंत्रांना लोक ‘फायर इंजिन’ म्हणत. आगीवर चालणारं ते फायर इंजिन, आणि आग विझवणारा पंप तोही फायर इंजिन! जेम्स वॉटने १७६९ साली सुधारित यंत्राचं पेटंट घेतलं. नंतर आगीचं नाव मागे पडलं आणि वाफेचं लागलं.

मराठीने मात्र आगच धरून ठेवली. आगगाडी, आगबोट. वाफगाडी कुणी म्हटलं नाही. डोळ्यांना भट्टी दिसली, धूर दिसला, तेच नाव दिलं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या गाडीला १४ डबे होते, सुमारे ४०० पाहुणे होते आणि पुढे तीन इंजिनं : साहिब, सिंध आणि सुलतान. अंतर २१ मैल. त्यानंतर इंजिन हा शब्द मराठीत आला तो एका ठसठशीत चित्रासकट. आजही लहान मुलांना इंजिन काढ म्हटलं तर ती मोटारीच्या बॉनेटखालचं काढत नाहीत. धुरांडं काढतात.

दृश्य : अजिंठा. लेणीतला अंधार. भिंतचित्रावरून हळूहळू सरकणारा उजेड.

निवेदन :

तोवर आपलं आखूड नावाचं भावंड, जिन, कुठे होतं?

त्याआधी इथे थोडं थांबू या. अजिंठ्याच्या भिंतीवर, पाचव्या शतकातल्या चित्रांमध्ये, कापसातून सरकी काढण्याचं काम रंगवलेलं आहे. साधन अगदी साधं. एक सपाट पाट आणि त्यावर फिरवायची एक कांडी. कांडी कापसावरून लाटायची, सरकी निसटून पुढे सरकते, रुई मागे राहते. आज जिला जिनिंग म्हणतात, त्या कामाचा जगातला हा फार जुना चित्रपुरावा आहे. पुढे भारतात दोन रुळांची हातचरकी आली. उसाच्या चरकासारखी, पण छोटी. दोन रुळांच्या फटीतून रुई पलीकडे जाते आणि सरकी अलीकडे पडते.

म्हणून एली व्हिटनीने जिनचा शोध लावला, हे वाक्य जसंच्या तसं मला मान्य नाही. त्याने १७९४ साली अमेरिकेत पेटंट घेतलं ते एका वेगळ्या जिनचं. अमेरिकेच्या आतल्या भागात होणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसात सरकी इतकी चिकटून असे की रुळांपुढे ती हार जात नसे. व्हिटनीने तारेचे दाते वापरले. दाते अरुंद फटींतून रुई ओढून घेत आणि सरकी फटीत मावत नसल्याने मागे राही. हाताने एक माणूस दिवसभरात जेमतेम एक पौंड रुई सुटी करी, तिथे हे छोटं यंत्र ५० पौंडांपर्यंत पोचलं.

आता कष्ट कमी होतील असं कुणालाही वाटेल. झालं उलटं. सरकी काढणं सोपं झालं म्हणून कापूस लावणं फायद्याचं झालं, आणि लावायला, खुरपायला, वेचायला माणसं लागली. ती माणसं गुलाम होती. १७९० च्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये जवळपास ४० लाख. कारणं अनेक होती, पण कापूस त्यांत सगळ्यात मोठा होता. ज्या शब्दाचा एक जुना अर्थ फास होता, त्याच नावाच्या पेटीने हे केलं. मला ही गोष्ट सांगताना दर वेळी जड जातं, आणि ती गाळून जिनची गोष्ट सांगता येत नाही.

दृश्य : रेल्वेचे रूळ. दोन्ही बाजूंना वऱ्हाडातली काळी जमीन.

निवेदन :

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. तिथला कापूस बंदरांतच अडकला. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्या उपाशी पडल्या आणि साऱ्यांचे डोळे मुंबईकडे वळले. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ साली युद्ध संपलं तसा तो ओसरला आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. पण वऱ्हाडात कापूस राहिला. रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. खामगाव, अकोला, अमरावती इथल्या बाजारांचा कापूस आता थेट मुंबईच्या धक्क्यावर जाऊ लागला. रुळांच्या कडेने जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले.

आणि त्या कारखान्यांच्या आवारात एक गोष्ट घडली. त्या वेळी तिच्याकडे कुणाचं लक्ष जायचं कारण नव्हतं. एका खोलीत वाफेचं इंजिन. त्याच्यावरून पट्टा निघून शेजारच्या शेडमध्ये जाई आणि तिथे रांगेने जिनं फिरत. शेकडो वर्षांपूर्वी एका शब्दाचे जे दोन तुकडे झाले होते, ते वऱ्हाडात एका पट्ट्याने पुन्हा जोडले गेले. माझ्यासाठी या सगळ्या कथेतला हाच क्षण सगळ्यात मोठा आहे.

शब्दाचा प्रवास दुसऱ्या वाटेनेही चालूच होता. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने १८२० च्या दशकात ‘डिफरन्स इंजिन’ आखलं, मग ‘ॲनॅलिटिकल इंजिन’. आकडेमोड करणारी चाकं. एडा लव्हलेसने १८४३ साली त्यावर टिपणं लिहिली आणि हे यंत्र आकड्यांच्या पलीकडेही चालेल हे ओळखलं. तिथून सर्च इंजिनपर्यंतची वाट तुम्हाला माहीत आहे. चौसरच्या काळी जे इंजिन मनात होतं, ते लोखंडात फिरून पुन्हा शोधायच्या, जुळवायच्या कामाला लागलं.

दृश्य : पुन्हा जिनिंग. आता ऊन वर आलंय. शेडमध्ये कापसाचे तंतू तरंगताहेत. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या बाया कापसातला कचरा, कवड्या, पानं वेचताहेत.

निवेदन :

भारतातल्या जिनिंगमध्ये आज बहुतेक ठिकाणी व्हिटनीचे दाते नाहीत. रूळच आहेत. अजिंठ्याच्या कांडीचे, हातचरकीच्या रुळांचे वंशज म्हणा. चामड्याच्या चकत्या एकमेकींना घट्ट दाबून हे रूळ करतात. त्यांना टेकून सुरी असते. रूळ रुई ओढून नेतो, सुरी सरकी अडवते. चामडं झिजतं, त्यावरच्या खाचा बुजतात, आणि मग रुई नीट सुटत नाही.

शेडच्या कोपऱ्यात फिटर एका बंद जिनवर वाकला आहे. रुळावर खाचा पुन्हा पाडून झाल्या. आता तो सुरीचा दाब जुळवतोय. मापाची पट्टी खिशात आहे, पण ती तो काढत नाही. बटण दाबतो. रूळ फिरतात. मान थोडी कलती करून ऐकतो, बंद करतो, नट अर्धा फेरा सैल करतो, पुन्हा चालू करतो. दुसऱ्यांदाही त्याचं समाधान होत नाही. तिसऱ्यांदा तो काही बोलत नाही. नुसता हात वर करतो, आणि पट्ट्याजवळची बाई टोपलीभर कापूस आत लोटते.