पद्मिनीचं इंजिन: आधी घाण बघा, मग धुवा

हे प्रीमियर पद्मिनीचं इंजिन. 1089 सीसी, चार सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 68 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) 75. ब्लॉक बिडाचा, त्यावर झाकणासारखं बसणारं हेड अॅल्युमिनियमचं. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली, पण पडवीत ताडपत्रीखाली झाकलेल्या गाड्या अजून आहेत, आणि घरच्या घरी उघडायला याच्याइतकं समजूतदार इंजिन क्वचितच मिळेल.

पडून राहून जाम झालं असेल, तर स्टार्टर मारायचा नाही. प्लग काढा, सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ ऑइल ओता, आठवडाभर मुरू द्या. मग टॉप गिअर टाकून गाडी हलकेच मागेपुढे ढकला.

हेड निघत नाही ते गंजामुळे. वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये नुसतं नळाचं पाणी घातलं की स्टडभोवती पांढरी भुकटी धरते. तिथे स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलंत, तर हेडवर ओरखडा पडतो आणि हेड-ब्लॉकमधलं नवं गॅस्केट तिथूनच फुटतं. गंज सोडवणारं तेल आणि लाकडी ठोकळा, बस्स.

हेड निघालं. हात कोपरापर्यंत काळे. तरी लगेच रॉकेल ओतू नका, कारण इंजिनाचा सगळा आजार या घाणीतच दिसतो. हेडवरच्या टॅपेट कव्हरखाली दुधाळ चिखल? ऑइलमध्ये पाणी शिरलंय. पिस्टनवर ओली, तेलकट काजळी? पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड (व्हॉल्व्ह ज्यांत सरकतात त्या नळ्या) गेलेत. चारांपैकी एकच पिस्टन लख्ख? त्या सिलिंडरमध्ये पाणी गळून वाफेनं काजळी धुतली गेलीय. खालच्या ऑइल चेंबरच्या तळाशी चमचमणारा कीस असेल तर बेअरिंगं उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बघून झालं, आता धुवा. बिडाचा ब्लॉक कॉस्टिक सोड्यात उकळला तरी चालतो. हेड त्यात कधीच नाही: सोडा अॅल्युमिनियम खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन सुटतो.

आता सगळ्यात सुखाचं काम, व्हॉल्व्ह घासणं. व्हॉल्व्ह टेकतो त्या सीटवर घासायच्या पेस्टचं बोट फिरवायचं, व्हॉल्व्हला चिकटवलेली रबरी टोकाची दांडी दोन्ही तळव्यांत धरून ताक घुसळावं तशी फिरवायची, मधूनमधून उचलून जागा बदलायची. खरखर हळूहळू मऊ होते. पुसल्यावर सलग राखाडी कडं दिसलं की थांबा. पेस्ट कणभरही राहू देऊ नका, ती गाइड खाते. प्लग लावून हेड उलटं ठेवा, व्हॉल्व्हवरच्या वाटीसारख्या खळग्यात रॉकेल भरा; पोर्टमध्ये थेंब उतरला तर पुन्हा घासा.

नवी रिंग पिस्टननं बोअरमध्ये सरळ ढकलून टोकांमधली फट फीलर गेजनं (ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजा. या बोअरला साधारण पाव मिलिमीटर. फट कमी पडली तर तापल्यावर टोकं भिडतात आणि रिंग तुटून बोअर खरवडते. कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांवर उघडतानाच खुणा केलेल्या असाव्यात. त्यांची अदलाबदल चालत नाही. हेडचे नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं.

पहिल्यांदा प्लग न लावता, ऑइलचा दिवा विझेपर्यंत फिरवा. सुरू झाल्यावर मात्र तासभर आयडलिंगला ठेवू नका. बोअर गुळगुळीत होतो आणि रिंगा बसत नाहीत. तापू द्या, गळती बघा, आणि लगेच रस्त्यावर काढा.