४८ मतं आणि एक पासपोर्ट

(गोरेगावात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय : ‘परदेशस्थ भारतीयांचा मताधिकार – कायदा आणि व्यवहार’. मीच कळवला होता, पण छापून आल्यावर मलाच जांभई आली. कायद्याकडे येणार आहेच. त्याआधी एक रात्र सांगू द्या.

४ जून २०२४. इथे मंगळवारी सकाळी आठला मतमोजणी सुरू झाली तेव्हा लंडनमध्ये पहाटेचे साडेतीन वाजले होते. ही वेळ म्हणजे ना धड रात्र, ना धड सकाळ. अमेरिकेतल्या आपल्या लोकांचं बरं असतं. न्यूयॉर्कला तेव्हा आदल्या रात्रीचे साडेदहा, कॅलिफोर्नियात तर संध्याकाळचे साडेसात. भांडी आवरून आरामात बसायचं. लंडनकराला मात्र आधी ठरवावं लागतं, झोपून उठायचं की जागायचं. झोपून उठू म्हणणारे उठत नाहीत, हे अनुभवाने माहीत असल्यामुळे आम्ही हॅरोमध्ये एका मैत्रिणीकडे जागायला जमलो.

तिचं घर भिंतीला भिंत लागून असलेलं. पलीकडे एक वृद्ध बाई, त्यांची झोप सावध. म्हणून टीव्हीचा आवाज अगदी बारीक. आता मराठी वृत्तवाहिनी बारीक आवाजात पाहणं हा निसर्गाविरुद्धचा प्रकार आहे. निवेदक शिरा ताणून ओरडतोय आणि आपल्यापर्यंत पोचतोय तो डासाएवढा आवाज. स्टुडिओतले चार पाहुणे हमरीतुमरीवर आलेले, आणि आम्ही त्यांच्या ओठांवरून मतदारसंघ ओळखतोय.

जमलेल्यांत सगळ्या रंगांची माणसं होती. एक कोल्हापूरकर, ज्याला कोल्हापूर सोडून उरलेल्या ५४२ जागांशी कर्तव्य नव्हतं. एक पुणेकर, ज्याला निकाल आधीपासूनच माहीत होता. तो कुठला, ते मात्र तो निकाल लागल्यावर सांगणार होता. (हसू नका, सभागृहात पुणेकर असतील.) भांडणं होणार हे ओळखून मैत्रिणीने नियम केला : ज्याची बाजू पुढे, त्याने सगळ्यांचा चहा करायचा. जिंकणाऱ्याला ओट्याशी उभं केलं की त्याचा आवाज आपोआप उतरतो. माझ्या मते आचारसंहितेत असं एखादं कलम असायला हरकत नाही.

पहिला चहा भाजपवाल्याने हसत केला. चारशेपारच्या घोषणा ताज्या होत्या, १ जूनचे एक्झिट पोलही त्याच्याच बाजूचे होते. उजाडता उजाडता तो आकड्यांकडे पाहीनासा झाला. पक्ष शेवटी २४० वर थांबला. तेव्हा तो म्हणाला, ‘आता चहा तुम्ही करा.’ समोरचे म्हणाले, ‘का? सरकार तर तुमचंच येतंय, २९३ आहेत आघाडीचे.’ तो म्हणाला, ‘मग महाराष्ट्राचं बघा! तिथे ४८ पैकी ३० तुमच्या.’ देशाचा आकडा धरायचा की राज्याचा, यावर इतकं रण माजलं की पलीकडच्या बाईंनी भिंतीवर टकटक केलं. चहा अखेर मैत्रिणीच्या सासूबाईंनी केला. त्यांचा कुठलाच पक्ष नव्हता, त्यांना फक्त आलं किसून घालायचं होतं.

तुमच्यातल्या पिकल्या केसांच्या मंडळींना दूरदर्शनवरचे निकाल आठवत असतील. १९८४, १९८९. थोडा वेळ प्रणय रॉय आणि विनोद दुआ, मग सिनेमा, मग पुन्हा आकडे. टीव्ही ज्याच्या घरी, त्याच्याकडे अख्खी चाळ. ती सवय आमच्या पिढीच्या अंगात आहे, म्हणून निकाल एकट्याने बघवत नाही. फोनवर बघता येतो हो. पण मग बाजूला बसून ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं म्हणणारं कोणी नसतं.

असो. मुद्दा तुमच्या मतदारसंघाचा आहे. मुंबई उत्तर पश्चिम. मोजणी इथेच, नेस्कोमध्ये झाली. दिवसभर पारडं खाली-वर होत होतं. आम्ही सगळे तोवर आपापल्या कामाला पांगलो होतो. माझ्याकडे दुपार, ऑफिसात बैठक चाललेली, फोन टेबलाखाली. आणि आकडा आला : रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी. यंत्रांवरच्या मतांत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. एका! टपालाने आलेल्या मतांनी निकाल फिरवला. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, याचिका फेटाळली गेली. त्यात मी शिरत नाही. राज्यात जागा ४८ आणि फरकही ४८, यावरून कोणी ज्योतिष मांडलं असेल तर त्यातही शिरत नाही.

मी बाबांना फोन लावला. बाबा इथले, रांगेत उभं राहून २० मेच्या उन्हात मत देऊन आलेले. म्हणाले, ‘तू आली असतीस तर ४७ झाला असता.’ मी म्हटलं, ‘किंवा ४९.’ त्यावर त्यांनी फोन आईकडे दिला.

माझं नाव यादीत होतं, बरं का. रीतसर नमुना ६ अ, म्हणजे परदेशस्थांचा मतदार नोंदणी अर्ज भरून, पासपोर्टवरच्या पत्त्यावर, गोरेगावात. फक्त मत द्यायला विमानाने यायचं होतं. तिकिटाचा भाव पाहिला आणि लोकशाहीवरचं प्रेम तात्पुरतं आवरतं घेतलं.

बरोबर एका महिन्याने, ४ जुलैला, ब्रिटनची निवडणूक. तिथे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना संसदेसाठी मत देता येतं. आपण राष्ट्रकुलात, म्हणजे मलाही. कोपऱ्यावरच्या शाळेत गेले. ओळखपत्र मागितलं, मी भारताचा पासपोर्ट दिला. तिथल्या बाईंनी फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि मतपत्रिका हातात ठेवली. आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल. फुली मारली, घडी घातली, पेटीत टाकली. शाई नाही, रांग नाही. बाहेर एका माणसाचा कुत्रा मालकाची वाट पाहत बसला होता.

आता गंमत बघा. परदेशी राहणाऱ्या भारतीय मतदाराला इथल्या केंद्रावर ओळख म्हणून मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो. म्हणजे पासपोर्ट तोच. तो दाखवून मी हॅरोचा खासदार निवडायला चालत गेले, आणि गोरेगावचा निवडायचा तर समुद्र ओलांडायचा.

त्या रात्री रिचमंड अँड नॉर्थअलर्टनचा निकाल वाचताना पंतप्रधान ऋषी सुनक मंचावर उभे, आणि त्याच मंचावर डोक्यावर कचऱ्याचा डबा घातलेला उमेदवार. काउंट बिनफेस नावाने लढला होता. जिंकलेला, हरलेला, डबेवाला, सगळ्यांनी एका ओळीत उभं राहून आकडे ऐकायचे! आपल्याकडेही हे व्हावं, ही माझी दुसरी मागणी आहे. पण… हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं. इथे पाच लिहिलंय का? बरं.

तर कायदा. २०१० ची दुरुस्ती, लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०, कलम २० अ. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व न घेतलेल्या परदेशस्थ भारतीयाचं नाव यादीत येऊ शकतं. ओसीआय कार्डवाल्यांचा, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या मंडळींचा, यात संबंध नाही, तो गोंधळ करू नका. हक्क मिळाला, पण हजर राहण्याच्या अटीवर. परिणाम? २०२४ ला देशभरात असे नोंदलेले मतदार १,१९,३७४, त्यातले बहुतेक केरळचे. प्रत्यक्ष मत दिलं २,९५८ जणांनी.

उपाय नवा शोधायचा नाही. सैनिकांना मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने जाते, ते छापून, खूण करून टपालाने परत पाठवतात. परदेशी नेमलेल्या सरकारी कर्मचाऱ्यालाही टपालाने मत देता येतं. म्हणजे लंडनमधल्या आपल्या उच्चायुक्तालयातला कारकून देऊ शकतो, त्याच रस्त्यावरून जाणारा आपला विद्यार्थी नाही. २०१८ मध्ये प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक लोकसभेत मंजूर झालं आणि ती लोकसभा विसर्जित होताच बारगळलं. २०२० मध्ये निवडणूक आयोगाने टपालाची सोय परदेशस्थांना द्यायची तयारी सरकारला कळवली.

आक्षेप आहेत, आणि सगळे फुसके नाहीत. आखाती देशांत मालकाच्या दबावाखाली कामगार कसं मत देईल, हा खरा प्रश्न आहे. म्हणून मतपत्रिका घरी न धाडता दूतावासात बोलावून मत घ्यावं, असं माझं मत. टपाल उशिरा पोचतं, हेही खरं. त्याच जुलैत परदेशातल्या कित्येक ब्रिटिशांच्या मतपत्रिका वेळेत पोचल्या नाहीत. आपल्याकडे तर मोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत पोचलं तरच ते मत धरतात.

तिसरा आक्षेप दर वेळी येतो : इथे राहत नाही त्याने इथला खासदार का ठरवावा? पण हे ठरून झालंय हो, २०१० लाच. आता वाद एवढाच उरतो की तो हक्क विमानाने बजावायचा की टपालाने. विमानाने म्हटलं तर तो ज्याला तिकीट परवडतं त्याचाच. जोगेश्वरी, दिंडोशी, गोरेगाव, वर्सोवा, अंधेरी पूर्व आणि पश्चिम इथले लंडनला गणपतीला एका हॉलमध्ये जमतात, त्यांच्यातच ४८ सहज निघतील.

घंटा वाजली. प्रश्न विचारा, वेळ आहे तेवढी उत्तरं देते. ४७ की ४९, हा सोडून कुठलाही.