आत्याच्या छपरावरचं जाळं

नमस्कार श्रोतेहो. मे संपत आला. कोकणात आत्ता कुणी शिडीवर चढून घर शाकारत असेल, कुणी पडवीला झापं बांधत असेल. आज बोलायचंय ते गरिबाच्या घराबद्दल आणि सरकारी पैशाबद्दल. वादळात घर मोडलं की पैसे मिळतात. घर मोडू नये म्हणून मिळतात का? प्रश्न एवढाच आहे. पण आधी माझ्या आत्याची गोष्ट सांगतो. लांबली तर सांभाळून घ्या.

साल 2020. निसर्ग चक्रीवादळ येणार म्हणून टीव्हीवर लाल-पिवळे नकाशे फिरत होते. (बातमीदार पोरांना ऐन वादळात समुद्रावर उभं करण्यात काय हशील आहे, मला आजवर कळलेलं नाही. असो.) आत्या श्रीवर्धन तालुक्यात राहते, किनाऱ्यापासून थोडी आत. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवीला पत्रा. 2 जूनला मी फोन केला. म्हटलं, "आत्या, शाळेत जाऊन राहा गं." म्हणाली, "जाते रे. आधी जाळं टाकून होऊ दे."

मला वाटलं, माकडांसाठी वाडीत टाकत असेल. तर नाही. घरावर! कोळीवाड्यातल्या एका दादाला दोन पायली तांदूळ देऊन तिने त्याचं जुनं, दहा ठिकाणी फाटलेलं नायलॉनचं जाळं आणलं होतं. दोन पोरांना वर चढवलं, आढ्यावरून दोन्ही पाख्यांवर ते पसरलं आणि टोकं खाली ओढून घेतली. एक टोक रहाटाच्या खांबाला, एक आंब्याच्या बुंध्याला, उरलेली चिऱ्यांना बांधून खड्ड्यात पुरली. वाटेने जाणारे विचारत होते, "काकी, घर पळून जातंय काय?"

दुसऱ्या दिवशी, 3 जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. ताशी 110 ते 120 किलोमीटरचा वारा. त्यानंतर फोन बंद, वीज बंद. नऊ दिवसांनी आत्याचा आवाज ऐकला. ते टाळेबंदीचे दिवस, पास काढून पोचायला मला आणखी आठवडा लागला.

वाडीत शिरलो आणि पाय थांबले. पोफळी मधोमध मोडलेल्या, काडेपेटीतल्या काड्या मोडाव्यात तशा. घरांवर कौलं नाहीत, निळी ताडपत्री. आणि आत्याच्या घरावर कौलं! पडवीचा पत्रा गेला होता, तो चार घरं पलीकडे विहिरीत सापडला. पण मुख्य छपराची फक्त सात कौलं फुटली होती. सात. आत्याने मोजून, फुटकी कौलं तुळशीपाशी रचून ठेवली होती. आता, जाळ्यामुळेच छप्पर वाचलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मागे टेकाडाचा आडोसाही आहे. पण शेजारच्या घरालाही तोच आडोसा होता, आणि त्याचं छप्पर गेलं.

मी असतानाच पंचनाम्याला भाऊसाहेब आले. दमलेले, चपलेचा अंगठा तुटलेला. आत्याने कोरा चहा दिला. त्यांनी विचारलं, "नुकसान काय?" "सात कौलं आणि पडवीचा पत्रा." त्यांनी वर बघितलं, जाळं बघितलं, हसले. म्हणाले, "काकू, बसत नाही हो."

"काय बसत नाही?"

"निकषात. अंशतः पडझड धरायला 15 टक्के तरी नुकसान लागतं."

आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे जाळं टाकलं नसतं तर मी बसले असते?"

भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला. "काकू, माझ्याकडे मोडलेलं लिहायचा रकाना आहे. वाचलेलं कुठे लिहू?"

त्या माणसाचा मला राग नाही आला. त्याचं म्हणणं बरोबरच होतं.

घड्याळ बघतो तर निम्मा वेळ आत्यानेच खाल्ला. खाऊ दे. आता भराभर सांगतो.

वारा छप्पर दाबत नाही, उचलतो. पुन्हा सांगतो, उचलतो. उतारावरून तो जोरात निघतो तेव्हा पत्रा वर ओढला जातो, आणि एखादी खिडकी फुटून वारा आत शिरला की खालूनही रेटा बसतो. म्हणून आधी जातात ते कोपरे आणि वळचण. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, वारा निघून जाईल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कडेच्या पत्र्यांना हुक जवळजवळ घ्या, वासे भिंतीला लोखंडी पट्टीने जखडा, आणि पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून सुटं ठेवा. पडवी गेली तरी घर राहतं. आत्याकडे तेच झालं. (आणि हो, गेटवर सिंह बसवायला पैसे असतात, हुकाला नसतात, अशीही घरं मी पाहिली आहेत. ती मात्र गरिबांची नव्हेत.)

आता पैसा. निसर्गच्या वेळी पूर्ण पडलेल्या घराला निकषाप्रमाणे 95,100 रुपये होते, राज्याने ते दीड लाख केले. चांगलं केलं. 2022 मध्ये केंद्राचा निकष मैदानी भागात 1 लाख 20 हजार झाला. पण त्याच निकषात अंशतः पडलेल्या पक्क्या घराला 6,500 होते, कच्च्याला 4,000. एवढ्यात सुतार आणि गवंडी दोघं येतील का, तुम्हीच हिशोब करा.

पंधराव्या वित्त आयोगाने आपत्तीच्या निधीची वाटणी करताना 100 पैकी 20 रुपये आपत्तीची झळ आधीच कमी करण्यासाठी वेगळे काढले. 80 नंतरचे, 20 आधीचे. त्या 20 मधून आत्यासारख्यांच्या छपराला हुक आणि पट्ट्या बसाव्यात, असं माझं म्हणणं आहे. घरकुलाचंही तेच. 269 चौरस फूट, केंद्राच्या योजनेचं मूळ अनुदान 1 लाख 20 हजार, तेही हप्त्याहप्त्याने. जोतं होतं, भिंती होतात, आणि छप्पर सगळ्यात शेवटी. तोवर हात रिकामे झालेले असतात, मग दोन हुकांच्या जागी एक. छपराचा पैसा वेगळा बांधून द्यायला काय हरकत आहे?

उन्हाबद्दलही बोलायचं होतं. अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेचा आराखडा केला, पुढे झोपडपट्टीतली छपरं पांढरी रंगवली, आतला उकाडा कमी झाला. विदर्भातल्या पत्र्याच्या खोलीत मे महिना काढलेल्यांना यातलं मोल सांगायला नको. पण ते पुढच्या वेळी.

गेल्या आठवड्यात आत्याचा फोन आला. जाळं उन्हाने विरलंय, हात लावला की तुटतं. कोळीदादा आता तांदूळ घेत नाही, जुन्या जाळ्याचे दोन हजार मागतो. मी म्हटलं, पाठवतो. म्हणाली, "पाठव. पण पावसाआधी पाठव."

नमस्कार.