गाडीची सैल काच : घरच्या घरी दुरुस्ती

श्रोतेहो, नमस्कार. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यासरशी दारातली काच खडखडू लागली आणि बोटाने ढकलताच ती डुलू लागली, की काच वरखाली करणारी सगळी मशीनच बदलावी लागणार असे आपण धरून चालतो. माझे आग्रहाचे सांगणे असे की, त्या खर्चात पडण्यापूर्वी काच नेमकी कुठे सैल झाली आहे, हे आधी पाहावे.

काच अर्धी खाली घ्यावी आणि तिची वरची कड धरून ती हलवून पाहावी. ती आतबाहेर हलत असेल, तर दोन्ही बाजूंच्या चॅनेलमधले, म्हणजे काच ज्या खाचेतून सरकते तिच्यातले, रबर झिजले आहे किंवा जागेवरून सुटले आहे, असे समजावे. पुढेमागे कलत असेल, किंवा वर चढताना एक कोपरा मागे रेंगाळत असेल, तर काच मशीनला जिथे जोडलेली असते तिथला बोल्ट ढिला झालेला असतो किंवा प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली असते. मोटर फिरते, करकर आवाज येतो आणि काच मात्र जागची हलत नाही, असे झाले तरच बहुधा मशीन बदलावी लागते.

रबराचे काम सोपे आहे. चॅनेलमधली माती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, सुटलेले रबर बोटाने दाबून बसवावे आणि त्यावर सिलिकॉन स्प्रे मारावा. तेथे तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण त्याने धूळ चिकटते आणि रबरही खराब होते.

बोल्टपर्यंत पोहोचायचे तर दाराचे पॅड, म्हणजे आतल्या बाजूचे आवरण, काढावे लागते. दारात एअरबॅग किंवा तिचा सेन्सर असेल, तर हे काम जाणत्या मेकॅनिककडेच सोपवावे. जुन्या गाडीत फिरवायचे हँडल असते आणि त्यामागे तारेची बारीक क्लिप असते. हँडल व पॅड यांच्या फटीत कापडाची पट्टी घालून ती डावीउजवीकडे घासत ओढली, की क्लिप सुटते. ती उडून हरवते, म्हणून वर तळहात धरावा. पॅडच्या आत चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद अलगद सोडवून जपून ठेवावा. पुष्कळ जण तो फाडून टाकतात आणि मग पावसाळ्यात दारात उतरणारे पाणी थेट गाडीत झिरपते.

बोल्ट दाराच्या आतल्या पत्र्यातील भोकांसमोर येतील इतकी काच खाली घेऊन, ती चौकटीच्या वरून दोन्ही बाजूंना रुंद चिकटपट्टीने बांधावी आणि बॅटरीची ऋण वायर काढावी. मशीनच्या हातांमध्ये बोट सापडले तर गंभीर इजा होते. दाराची काच टफन्ड, म्हणजे प्रक्रिया करून कडक केलेली, असते; तिच्या कडेला लोखंडी पाना लागला तर क्षणात तिचा चुरा होतो. बोल्ट आधी हातानेच लावावेत, मग वायर जोडून व पट्टी सोडून काच सावकाश पूर्ण वर न्यावी, म्हणजे ती चौकटीत आपली जागा धरते. त्यानंतर ती पुन्हा भोकांसमोर आणून, वायर परत काढून, बोल्ट बेताने आवळावेत.

पॅड बसवण्यापूर्वी बंद काचेवर बाहेरून तांब्याभर पाणी ओतावे. दारात उतरलेले पाणी खालच्या भोकांतून बाहेर आले पाहिजे. तसे होत नसेल, तर त्या भोकांत साचलेली माती काडीने काढून टाकावी आणि मगच कागद व पॅड जागेवर लावावे.