महालक्ष्मी एक्सप्रेस आणि वकिलाचं दप्तर

(दृश्य: पहाटेचा फलाट. रात्रभर धावलेली गाडी मुंबईत शिरते आहे.)

कोल्हापूरहून रात्री सुटलेली महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी मुंबईला लागते. सोलापूरची सिद्धेश्वरही तशीच रात्रीची गाडी. वर्षानुवर्षं या गाड्यांमध्ये एक ठरावीक प्रवासी असायचा. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत जुने सातबारे आणि खालच्या कोर्टाच्या निकालाची सही-शिक्क्याची नक्कल. पक्षकार ऐपतीचा असला तर शेजारच्या बर्थवर त्याचा जिल्ह्याचा वकील. उच्च न्यायालयात पोचायचं, बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या कामांच्या यादीत, आपला नंबर शोधायचा, दिवसभर बाकावर बसायचं. संध्याकाळी कळायचं, आज आपलं प्रकरण निघत नाही. पुन्हा तोच फलाट, पुन्हा रात्रीची गाडी.

कोल्हापूर ते मुंबई, रस्त्याने पावणेचारशे किलोमीटरचं हे अंतर. दक्षिण महाराष्ट्रातली वकिली या अंतराभोवतीच वाढली. जिल्ह्याच्या गावातलं वकिलाचं ऑफिस कसं उभं राहिलं, तिथे काय चालतं आणि तिथे आयुष्य कसं घडतं, ते समजून घ्यायचं तर आधी हे अंतर लक्षात ठेवावं लागतं.

(दृश्य: उच्च न्यायालयाची दगडी इमारत.)

मुंबई उच्च न्यायालय सुरू झालं 14 ऑगस्ट 1862 रोजी. त्याच्या दोन बाजू: मुंबई शहरातल्या मोठ्या दाव्यांची मूळ शाखा, आणि मुफस्सलातून, म्हणजे बाहेरच्या जिल्ह्यांतून, येणाऱ्या अपिलांची अपील शाखा. मूळ शाखेत बॅरिस्टर आणि त्यांच्यासाठी कागद तयार करणारे सॉलिसिटर यांचा थाट. सॉलिसिटरांच्या भागीदारी पेढ्या तिथूनच उभ्या राहिल्या आणि भागीदार बदलले तरी पेढीचं नाव चालत राहिलं. जिल्ह्यात होते वकील आणि प्लीडर, ज्याच्या त्याच्या सनदेप्रमाणे, म्हणजे वकिलीच्या परवान्याप्रमाणे. या वकिलीची परीक्षाही वेगळी असे. लोकमान्य टिळक 1879 मध्ये एलएलबी झाले. त्यांनी कोर्टात वकिली केली नाही, पण पुण्यात वकिलीच्या परीक्षांचा वर्ग मात्र चालवला. गावोगावच्या प्लीडरांची ती पिढी अशा वर्गांतून तयार झाली.

स्त्रियांना मात्र हे दार फार काळ बंद होतं. नाशिकला 1866 मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी 1892 मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. भारतात स्त्रियांना वकिलीचा हक्क देणारा कायदा आला 1923 मध्ये. मधली जवळजवळ तीस वर्षं एका कर्तबगार बाईची त्या दाराबाहेर गेली. आज जिल्हा न्यायालयाच्या बाररूममध्ये तरुण मुलींची गर्दी दिसते, तेव्हा ही वर्षं आठवल्याशिवाय राहत नाहीत.

पुण्यात 1924 मध्ये विधी महाविद्यालय निघालं, कोल्हापुरात 1933 मध्ये शहाजी विधी महाविद्यालय. कायदा शिकायला मुंबई गाठणं आता सक्तीचं राहिलं नाही. पुढे 1961 च्या अधिवक्ता कायद्याने वकील, प्लीडर, मुखत्यार हे जुने भेद मिटवून एकच वर्ग केला, अधिवक्ता. तरी लोकांच्या तोंडी शब्द राहिला तो ‘वकीलसाहेब’.

(दृश्य: जुन्या वाड्याच्या पुढच्या खोलीतलं ऑफिस. लाल फडक्यात बांधलेली दप्तरं.)

जिल्ह्यात पेढीचं नाव फारसं मोठं नसतं. पाटीवर बहुधा आडनाव असतं आणि ते आजोबांपासून नातवापर्यंत चालतं. जाहिरातीला बंदी आहे. वकिलांच्या नियामक संस्थेच्या, म्हणजे बार कौन्सिलच्या, नियम 36 प्रमाणे पाटीसुद्धा बेताच्याच आकाराची हवी. स्वतःचं संकेतस्थळ ठेवायला परवानगी मिळाली ती 2008 मध्ये, तीही मोजक्या माहितीपुरती. मग पक्षकार येतो कसा? गावातल्या एकाचं जमिनीचं वाटप नीट झालेलं असतं, तो दुसऱ्याला घेऊन येतो. त्या दुसऱ्याचा मुलगा वीस वर्षांनी येतो आणि विचारतो, ‘वकीलसाहेब, आमच्या आबांचे कागद अजून तुमच्याकडेच असतील ना?’

असतात. माझ्या मते या ऑफिसांची खरी पुंजी ही दप्तरंच आहेत. कुळकायदा 1948 चा. 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन, त्या दिवसापासून कसणारा कूळ कायद्याने जमिनीचा मालक मानला गेला. ‘32 ग’ म्हटलं की इकडच्या शेतकऱ्याला कलम समजावून सांगावं लागत नाही, किंमत ठरवण्याची ती चौकशी त्याच्या घराण्याच्या इतिहासाचा भाग असते. त्याच सुमाराला वतनं खालसा करणारे कायदे आले. मग धरणं झाली, जमिनी संपादित झाल्या, वाढीव मोबदल्याचे दावे लागले. साखर कारखाने आणि पतसंस्था वाढल्या, तशी 1960 च्या सहकारी संस्था कायद्यातल्या कलम 91 ची, म्हणजे संस्था आणि सभासदांमधल्या वादांची, कामं सहकार न्यायालयात वाढली. हिंदू कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली, आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणीही वकिलासमोरच्या खुर्चीत स्वतःच्या हक्कासाठी बसू लागल्या. दप्तरांच्या फळीवरून डावीकडून उजवीकडे हात फिरवत गेलं, की या मुलखाची गेली सत्तर वर्षं हाताला लागतात.

त्यातले जुने कागद मोडीत आहेत. मोडी वाचणारा माणूस ज्या ऑफिसच्या ओळखीत असतो, त्या ऑफिसला अजूनही मान आहे.

दिवाणी कामाची स्वतःची भाषा आहे. प्रकरणातल्या प्रत्येक कागदाला निशाणी, म्हणजे क्रमांक, पडतो. दावा दाखल झाला की तो निशाणी 1. तूर्तातूर्त मनाईचा अर्ज निशाणी 5. ‘पाचचं काय झालं?’ एवढंच पक्षकार विचारतो, कारण त्याला ठाऊक असतं की बांध रेटणारा शेजारी आज थांबणार की नाही ते पाचवर ठरतं. मग समोरच्याची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, मुद्दे निघणं, आपल्या साक्षीदाराचा सरतपास, समोरच्या वकिलाचा उलटतपास, मध्ये पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, देणं, युक्तिवाद. निकाल लागला तरी काम संपत नाही. हुकूमनामा अमलात आणायला दरखास्त लावावी लागते, आणि कधी दाव्यापेक्षा दरखास्तच जास्त वर्षं चालते.

1998 च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातल्या खालच्या न्यायालयांची भाषा मराठी झाली. उच्च न्यायालयाची भाषा मात्र इंग्रजीच. त्यामुळे अपील वर, उच्च न्यायालयात, निघालं की जबानी, दस्त, सगळ्याचं भाषांतर आलं. ‘वहिवाट’ या शब्दाचं काय करणार? तो ताबाही आहे, रीतही आहे, येण्याजाण्याची वाटही आहे. गावचा साक्षीदार एका वाक्यात तिन्ही अर्थ बोलून जातो. भाषांतर करणाऱ्याने त्यातला एक उचलला की वरच्या कोर्टात प्रकरणाचा चेहराच बदलतो. म्हणून चांगल्या ऑफिसात हे काम बाहेर देत नाहीत. ज्याने साक्ष नोंदवताना साक्षीदाराचा आवाज ऐकला, त्याच्याच हातून भाषांतर तपासून घेतात. ही मेहनत निकालपत्रात कुठेच दिसत नाही.

(दृश्य: न्यायालयाचा व्हरांडा. पुकारा होतो. वह्या घेतलेले कारकून.)

आणखी एक माणूस निकालपत्रात दिसत नाही, तो म्हणजे वकिलाचा कारकून. त्याला सनद नाही, काळा कोट नाही. पण कुठल्या कोर्टात आज काय लागलंय, नकलेचा अर्ज कधी केला, समन्स बजावून परत आलं का, कोर्ट फीचं तिकीट किती लावायचं, हे त्याच्या वहीत असतं आणि वहीआधी डोक्यात असतं. सनद घेऊन आलेल्या नव्या ज्युनियरला पहिलं वर्ष शिकवतो तो हाच माणूस. आता प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो, मोबाइलवर तारीख कळते. कारकुनाचं अर्धं काम त्यामुळे हलकं झालं. उरलेलं अर्धं, म्हणजे घाबरलेल्या पक्षकाराला व्हरांड्यात धीर देणं, कुठल्याही ॲपवर नाही.

ज्युनियरची वाट खडतर आहे. सनद घेण्याची फी अनेक ठिकाणी हजारोंच्या घरात गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 रोजी कायद्यात लिहिलेल्या रकमेवरच ती आणून ठेवली: खुल्या प्रवर्गाला 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना 125. सनद झाली, अखिल भारतीय बार परीक्षा झाली, तरी महिन्याचा खर्च उरतोच. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरला शहरी भागात दरमहा 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावं, अशी शिफारस केली. शिफारसच ती, सक्ती नाही. ज्याच्या घरी शेती किंवा पगार आहे तो पहिली पाच वर्षं तगतो, ज्याच्या घरी काहीच नाही तो हुशार असूनही नोकरी शोधतो. मला ही या व्यवसायातली सर्वांत मोठी हानी वाटते. जी मुलं गावचं दुखणं आतून ओळखतात, तीच आधी गळतात.

न्यायाधीश व्हायचं असेल तरी आता ही वर्षं चुकवता येत नाहीत. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. अट योग्यच आहे. व्हरांड्यात उभं राहून पक्षकाराची वाट पाहिलेला माणूस न्यायासनावर बसला, तर तारीख देताना त्याचा हात जरा अडखळेल. पण त्या तीन वर्षांत ज्युनियरने खायचं काय, याचा विचारही सोबत हवा होता.

(दृश्य: कोल्हापूर. न्यायालयाच्या आवारात सकाळची लगबग.)

आता पुन्हा त्या अंतराकडे. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्यातल्या कलम 51 च्या पोटकलम 3 प्रमाणे मुख्य न्यायाधीश, राज्यपालांच्या संमतीने, उच्च न्यायालय दुसऱ्या ठिकाणीही बसवू शकतात. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, या मार्गाने 27 ऑगस्ट 1981 रोजी खंडपीठ सुरू झालं. कोल्हापूरची मागणीही चाळीस वर्षांहून जुनी. मोर्चे निघाले, उपोषणं झाली, कामकाजावर बहिष्कार पडले. बहिष्काराच्या दिवसांत ज्युनियरच्या खिशात काही पडत नव्हतं, तरी तो मोर्चात पुढे असायचा. मागणी करणाऱ्या पहिल्या फळीतले कित्येक वकील ती पूर्ण झालेली पाहायला राहिले नाहीत.

17 ऑगस्ट 2025 रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचचं, म्हणजे उच्च न्यायालयाच्या फिरत्या खंडपीठाचं, उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून कामकाज सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे तिला जोडले.

जिल्ह्याच्या ऑफिसांची घडी यामुळे बदलते आहे. आजवर अपील निघालं की दप्तर मुंबईच्या वकिलाकडे सोपवायचं, हीच रीत होती. दावा ज्याने उभा केला त्याचा हात तिथे सुटायचा. आता तोच वकील वरच्या कोर्टात उभा राहू शकतो. त्यासाठी कस वेगळा लागतो: रिट अर्जाचा मसुदा, इंग्रजीतला नेमका युक्तिवाद, निवाड्यांचं रोजचं वाचन. चाळिशी ओलांडलेले वकील पुन्हा विद्यार्थ्यासारखे संध्याकाळी पुस्तकं घेऊन बसू लागले, तर ते या मुलखाच्या भल्याचंच आहे. तळकोकणातल्या माणसाला अजूनही घाट चढून यावं लागतं, पावसाळ्यात तो घाट सोपा नाही. पण रात्रीची गाडी नाही आणि मुंबईतला मुक्काम नाही.

(दृश्य: दुपार. बोर्डासमोर ज्युनियर वकील, शेजारी टोपी घातलेले वृद्ध पक्षकार.)

‘वकीलबाई, आपलं निघतंय का आज?’

‘नाही आबा, बोर्ड लांबलाय. पुढची तारीख पडेल.’

म्हातारा पिशवी उचलतो. घड्याळात साडेचार. करवीर तालुक्यातलं गाव, एसटीने तासाभराची वाट. संध्याकाळच्या धारेला तो गोठ्यात असेल.